तळ्यातलं कुंपण आणि काकीमांची परात

ती. निभादिदीस, नकुडचा पायांना हात लावून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जावईबाबूंचा खोकला थांबला का? (ते विडी सोडणार नाहीत, तेव्हा उत्तर नाही दिलंस तरी चालेल.)

आपल्या सामाईक तळ्यात रुई, कातला, मृगळ हे मासे सुखाने एकत्र वाढत होते. वर, मध्ये, तळाशी, ज्याने त्याने आपली जागा धरलेली. भांडलो ते आम्ही दोघे. आपल्या पांचूने, म्हणजे काकांच्या पांचूने, मला न विचारता गवत खाणारे मासे आणून सोडले. त्यांनी काठावरची तुझ्या भावजयीची, लावण्यची, कलमीची पालेभाजी मुळासकट फस्त केली. लावण्य पांचूला नाही नाही ते बोलली, मीही तिच्या पाठीमागे उभा राहून थोडं बोललो. दुसऱ्या दिवशी पांचूने तळ्याच्या मधोमध बांबूचं कुंपण घातलं आणि आमचं बोलणं बंद झालं. (मासे फटींतून खुशाल ये-जा करत होते.)

परवा सकाळी आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. काठावर गेलो तर तळ्यातले सगळे मासे वर येऊन हवेसाठी आ वासत होते. मी लुंगी खोचून उडी मारली आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून केळीच्या सोटाने पाणी बडवायला लागलो. पलीकडून पांचूही धपकन पडला. लावण्य घागर घेऊन उतरली. काकीमांनी पोराच्या मागोमाग उतरून, या वयात गुडघाभर पाण्यात उभं राहून परातीने पाणी उडवलं, त्यातलं निम्मं माझ्या तोंडावर.

"नकुड्या, तुझ्या बाजूला जोरात मार!" पांचू ओरडला.

"माझी बाजू कसली गाढवा, मासे काय विचारून मरतायत?"

या गडबडीत कुंपण कधी आडवं झालं, कळलंच नाही. काही मासे गेले, पण बाकीचे हळूहळू खाली उतरले. आम्ही दोघे छातीभर पाण्यात धापा टाकत उभे. मग एकमेकांशी बोललो हे लक्षात आलं, आणि लाजून दोघांनी तोंडं फिरवली. दुपारी लावण्यने मेलेल्या कातलाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, काकीमांकडे पाठवला. भांडं रिकामं परत आलं नाही, त्यात मुरमुऱ्यांचे लाडू होते.

बाकी क्षेम.
तुझा नकुड

ता. क. कुंपण अजून आडवंच आहे. उचलून टाकू या, असं आधी म्हणायचं कुणी? तळ्यात बाबांच्या वाट्यातला तुझाही हिस्सा आहे. तेव्हा कुंपण काढा म्हणून आम्हा दोघांना खरमरीत रागावून लिही. मला जरा कमी रागाव.

ता. क. २. पत्र टाकायला आलो तर पेटीपाशी पांचू. त्याच्याही हातात तुझ्या नावाचं पाकीट! माझं बघून हसला मेला. आता परत एकाच सायकलवरून निघालोय. तरी तू रागावून लिहीच, काकीमा तुझ्या पत्राची वाट बघतायत.