सैल झाकणं

दि. ११ नोव्हेंबर

ती. ताईस,

बारकीचा नमस्कार. भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे नेहमी असतं तसं. अक्षर वेडंवाकडं दिसेल. पेन नीट चालत नाहीये, समजून घे.

ताई, आमच्या घरात काहीतरी शिजतंय आणि मला त्याचा वाससुद्धा लागू देत नाहीत.

तुला माहीतच आहे, टिटवी चार वर्षांची असल्यापासून तिचे सांधे सुजतात आणि तेव्हापासून दवाखान्यात बोलायचं काम माझं. डॉक्टर विचारायचे तिला, उत्तर द्यायचे मी. "आम्हाला सकाळी फार आखडतं," असंच म्हणायचे, आम्हाला. मुलांच्या विभागातले म्हातारे डॉक्टर हसायचे, पण लिहून घ्यायचे. आता ती अठराची झाली, तर त्यांनी मोठ्यांच्या विभागात पाठवून दिलं. तिथे भिंतीवर मासे रंगवलेले नाहीत, खेळणी नाहीत. बाकावर सगळ्या माझ्या वयाच्या बायका, बोटं वाकडी झालेल्या. मी आपली पिशवी मांडीवर घेऊन, हात पिशवीखाली घालून बसले.

नवी डॉक्टरीण कालची पोर. मला म्हणते, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा हं. आधी मी हिच्याशी एकटीशी बोलते. इथे पद्धतच आहे तशी."

चौदा वर्षं या पोरीचा एकेक सांधा मी ओळखते आणि मी बाहेर बसायचं! दार लागलं. आतून टिटवी हसल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना, ते त्याहून वाईट. बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाल्या गं? तर म्हणे, "काही नाही." ताई, 'काही नाही' बोलायला कुणाला अर्धा तास लागतो का?

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून आहे. शुक्रवारचं इंजेक्शन आता ती स्वतः घेते, दार लावून. मी दाराला कान लावते. (हसू नकोस. तू भावजींचे खिसे चाचपायचीस ते मी विसरलेले नाही.) खरंच टोचून घेते की बेसिनमध्ये सोडून देते, कुणी सांगावं? या वयात मुलं औषध सोडतात, आपण बरे झालो असं त्यांना वाटतं, हे म्हातारे डॉक्टरच बोलले होते. आणि सोडलं तर पुन्हा ते रांगत मोरीपर्यंत जाणं, सगळं पहिल्यापासून. आता कुठे चष्म्याच्या दुकानात नोकरी लागलीय तिला, दिवसभर उभी राहते. ते सगळं जाईल.

परवा फोनवर हळू आवाजात कुणाला तरी सांगत होती, "आईला आधी कळू देऊ नका." मी आत गेले तर फोन बंद. काय कळू द्यायचं नाही मला? या आजारात कधीकधी डोळे जातात. त्या रात्री मी तिच्या उशाशी बसून तिच्याकडे बघत राहिले.

घरातही लक्ष नाही तिचं. हल्ली डब्या-बरण्यांची झाकणं अर्धवट लावलेली सापडतात. साखरेत मुंग्या होतील म्हणून ओरडले, तर ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि काल तर कहर केला. केस कापून आली! कमरेपर्यंतचे केस, ताई. तिचे हात खांद्याच्या वर जात नाहीत म्हणून वेणी रोज मीच घालायचे. घालता घालताच मला कळायचं, आज मान किती वळतेय, खांदा कुठे दुखतोय. आता मानेवर नुसती झुलपं. का कापलेस म्हटलं, तर म्हणाली, "तुझी वेणी हल्ली सैल होते गं, दुकानात पोचेपर्यंत सुटते." मी म्हटलं, केसच मऊ आहेत तुझे. ब्लाउजला हुकं शिवायचं कामसुद्धा मी सध्या शेजारणीला देते, नजर थकली म्हणून. त्याचा इथे काय संबंध, उगाच लिहिलं.

उद्या तिची तारीख आहे. बाहेर बसवलं तरी मी जाणार.

दि. १२

पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं.

टिटवी आत गेली, लगेच बाहेर आली आणि म्हणाली, "आता तू जा." मी म्हटलं, चल की मग. "नाही. मी बाहेर बसते. इथे पद्धतच आहे तशी." आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. वाईट बातमी आईला एकटीलाच सांगतात ना.

डॉक्टरीण म्हणाली, "हात दाखवा."

"कुणाचे?"

"तुमचे. टिटवीचं उत्तम चाललंय, औषध ती वेळेवर घेते. गेल्या खेपेला ती स्वतःबद्दल थोडंसं बोलली आणि बाकी सगळं तुमच्याबद्दल. आई कप दोन्ही हातांनी धरते, झाकणं उघडायची टाळते, वेणी घालताना मध्येच थांबून श्वास रोखते. तुम्हाला आधी सांगितलं तर तुम्ही यायच्याच नाहीत, म्हणाली."

आधी मला रागच आला, चारचौघांत कुणी चोरी पकडल्यासारखा. ताई, वेणी घालताना मी तिचा खांदा ओळखत होते, तर ती माझ्याकडे पाठ करून माझी बोटं ओळखत होती. चोरावर मोर.

डॉक्टरणीने एकेक सांधा दाबून पाहिला आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला तरी मी उत्तर देईन. पण मी वळून दाराकडे बघत बसले, टिटवी येऊन सांगेल म्हणून. ती आली नाही. शेवटी मी "आम्हाला" म्हणाले आणि पुढे रडूच आलं.

रक्त तपासायला दिलंय. काय निघेल ते निघेल, पण मी घाबरलेय, तुझ्यापासून काय लपवू. आज चहा करताना साखरेचं झाकण नुसतं ठेवलेलं होतं. मी ते एका बोटाने सरकवलं, साखर घेतली आणि पुन्हा तसंच सैल ठेवलं.

तूही सकाळी उठलीस की बोटं मिटून बघ आणि मला खरं काय ते कळव.

पेनला काही झालेलं नाही, ताई.

तुझी,
बारकी