पत्रात राहून गेलेले नाव

ता. ११ डिसेंबर १८६४, अमरावती. सायंकाळचे साडेसहा. इंग्रजी व्याकरण उघडून बसलो आहे, पण वाचवत नाही.

कर्ता कधीही गाळू नये, असे पुस्तकात आहे. भाजी विकणाऱ्या सखूबाईंचे पत्र आज त्याच नियमाने लिहिले. त्यांचे यजमान अकोल्याकडे रेल्वेच्या कामावर गेले, दोन महिने खबर नाही. तिथल्या साहेबाला विचारायचे होते. आठ वाक्यांत आठ वेळा इंग्रजी 'तो' घातला, स्पेलिंग तपासले, लाखेने बंद करून पत्र त्यांच्या हाती दिले.

घराच्या वाटेवर थबकलो. यजमानांचे नाव? त्या "आमच्या घरचे" म्हणत गेल्या आणि मीही विचारले नाही! एवढ्या मजुरांत साहेब कोणता 'तो' शोधणार?

धावत बाजारात परतलो. पत्र नेणारी अकोल्याची गाडी जुंपून तयार होती. लाख फोडून नाव विचारले, तर सखूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ, भाऊ?"

शेजारची कांदेवाली ओरडली, "उखाण्यात घे न वो! लग्नात तर लय जोरात घेतलं होतं!"

मग सखूबाई हळूच म्हणाल्या,

"टोपलीत वांगी, वर कोथिंबीर हिरवी,
किसनरावाले देव घरची वाट दावी."

लिहिले. गाडीवान घाई करत होता, तरी सखूबाई शाईवर फुंकर घालतच राहिल्या.

खर्च: कागद व दोनदा लाख, एक आणा.
देणे: येताना त्यांच्याकडून घेतलेल्या वांग्यांचे दोन पैसे. सखूबाई घेईनात. म्हणाल्या, "ते आले का त्याहीच्याच हातात द्या."