सगळ्यात वर पाणी

अण्णा, परवा आपल्या गल्लीत तुमच्या लेकीचं नाव झालं, आणि तुम्हाला सोडून ते सगळ्यांना सांगून झालंय.

गिरणीत पाळीला जाण्याआधी तुम्ही चौकातला वार्ताफलक पुसून नव्यानं लिहायचा. मी खडूचा डबा धरून उभी. सगळ्यात वर आपल्या भागाला पाणी कधी सुटणार ते, मग उजनी धरणाची पातळी, मार्केट यार्डातला कांद्याचा भाव, होटगीकडून येणाऱ्या रेल्वेगाडीची वेळ. पाण्याचं मात्र टाकीवर सायकल मारून स्वतः विचारून यायचा. कुणी एखाद्या नटाच्या लग्नाची बातमी वर घ्या म्हटलं की हसायचा, "त्यानं बोलावलंय का आपल्याला? आधी शेजारच्या घागरीचं बघू की."

फलकाच्या जागी आता वाढदिवसांचे फ्लेक्स असतात. आणि ऑफिसात संगणकावर ब्राउझर उघडला की पहिल्याच पानावर नट्यांचे कपडे, बुटांवरची सवलत, कुठल्याशा देशातलं मांजर. वैताग आला नुसता. एका दुपारी बसले आणि ते सगळं काढून टाकून पान मला हवं तसं मांडलं. वर महापालिकेची पाण्याची निवेदनं, खाली उजनी, कांदा, गाड्या, हवामान. रोज सकाळी तेच आधी उघडतं. तुमची नात म्हणते, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतंच की. येतं खरं, पण कालचं आणि परवाचं एकत्र कालवून.

शेजारच्या विडी वळणाऱ्या मावशींच्या मुलीची हळद शुक्रवारी होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, पिंपं रिकामी, पण गुरुवारी पाणी येणार असं गल्लीच्या ग्रुपवर असल्यानं सगळे निवांत. बुधवारी सकाळी मी पान उघडते तर नवं निवेदन! जलवाहिनीचं काम निघालंय, आपल्या भागाला आजच दुपारी पाणी, त्यानंतर थेट रविवारी. टाकीवर फोन लावून खात्री केली. मग मावशींच्या घरी लावला, तर काका म्हणाले ग्रुपवर तसं काही नाही. मी अर्धी रजा टाकली, रिक्षा केली आणि गल्लीच्या तोंडापासून ओरडत आले.

काका दारातच उभे. "ग्रुपवर न्हाय म्हनलं की तुला."

मावशींनी मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं. "अण्णांची पोरगी सांगतीया. पिंपं काढा भाईर."

दुपारी नळ आले. अख्खी गल्ली भरत होती, अण्णा! शुक्रवारी हळद अशी झाली की पाहुणे दोनदोनदा अंघोळी करून गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबलेली मागची गल्ली मात्र टँकरची वाट बघत बसली. आता काकांसकट सगळे आपापले मोबाईल घेऊन माझ्या दारात, आम्हालाबी तसलं पान लावून दे म्हणत. मीही जरा भाव खाते, मग लावून देते.

हे कुठं पाठवणार, म्हणून वही इथंच मिटते. एवढंच सांगायचं राहिलं, की मावशी तुमचं नाव घेऊन उठल्या ते आठवून पाणी भरताना मला रडू आवरेना. नळाखाली सगळेच भिजलेले होते, म्हणून कुणाला कळलं नाही.