काकांचा अंगठा

मंगळवार, ३ मार्च

तडतड! गेल्या शुक्रवारी ह्याच पंख्याने, ह्याच वेगाला, चूं केलं नव्हतं. आज टाकीत सोडला, पाण्यातल्या माइकचा हेडफोन लावला – तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज. काचेतून पाहिलं, तर साती पात्यांना बुडबुडे.

पाणबुडीच्या पंख्याला हे परवडत नाही. पातं जोरात फिरलं की त्याच्या पाठीमागे दाब घटतो, पाण्यात बुडबुडे धरतात आणि लगेच फुटतात. ते फुटणंच लांबवर ऐकू जातं, आणि मग लपण्यात काय अर्थ? म्हणून तर पाती सात, तीही वाकडी, आणि कडा आमच्या कारखान्यातल्या जुन्या कारागीर काकांनी हाताने घासलेल्या. बत्तीस वर्षं घासताहेत.

साहेब म्हणाले, "कडेत खोट आहे. काकांना सांग." सांगितलं.

बुधवार, ४

काकांनी डोळे मिटून सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला. "कड बरोबर आहे, पोरी." मग थोड्या वेळाने मलाच – "आहे ना?"

मला स्वतःलाच कळत नाहीये.

गुरुवार, ५

मापं ड्रॉइंगशी तंतोतंत जुळतात. तरी तडतड आहेच. डोक्याचा पार भुगा. आई म्हणते, "जेवताना तरी तो पंखा बंद कर."

शुक्रवार, ६

काकांनी एका पात्याची कड पुन्हा घासली. आवाज जरा कमी झाला. साहेब खूश – "बघा, कडच होती." काका पुन्हा त्या कडेवरून अंगठा फिरवत बसले.

पण घासलं एकच पातं, आणि बुडबुडे सातांवरचे कमी झाले. असं कसं?

सोमवार, ९

काकांनी लिहून दिलं – चूक माझी. "अंगठा गेला माझा. कामं बिघडवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं." घासायचे दगड माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. मला रडूच आलं. काहीतरी चुकतंय, पण काय ते सापडत नाही.

मंगळवार, १०

टाकीची वही उघडली. सोमवार, २ मार्च – नवीन पाणी भरलं. खाली माझी सही. ताज्या पाण्यात हवा असते, लवकर बुडबुडे धरते; दिवस गेले तशी ती आपोआप थोडी निघाली, म्हणून शुक्रवारी आवाज कमी. आधी पंपाने ती ओढून काढायची, मगच चाचणी. नवीन आलेल्यांना हे मीच शिकवते. 'हवा काढली' – पुढे रकाना कोरा.

दगड पिशवीत घातलेत, काकांकडे निघालेय. कुठल्या तोंडाने सांगू?