मागच्या भिंतीवरचा डावा हात

८ जानेवारी १९८६, बुध.
पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले इंजिनिअर शाळेत आले होते. तरुण आहेत, बोलायला मऊ. हातोडीने भिंती ठोकून बघितल्या. दगडी काम चांगलं म्हणाले, पण गिलाव्याचं आणि लाकडी तुळयांचं काही खरं नाही. पुढच्या महिन्यात परत बघणार. तेव्हा पटलं नाही तर इमारत धोकादायक. मग मुलं पत्र्याच्या शेडमध्ये आणि ही पाडायची.

पाडू नका म्हणून मुख्याध्यापक शाळेतर्फे अर्ज करतायत. मला म्हणाले, "बाई, तुम्ही इतिहासाच्या. इमारतीचा इतिहास दोन पानांत लिहून द्या." दोन पानांत. बरं.

घरी यांना सांगितलं. "जुनी झालीय, पाडतीलच," म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

११ जाने., शनि.
लिहायला बसले. कोणा शेटजींनी घाटकोपरची हवा चांगली म्हणून बांधलेला बंगला. प्लेगात मुंबईतून पळालेली माणसं इथे राहिली. लढाईच्या काळात खाली रेशनचं धान्य. मग हायस्कूल. जुने शिक्षक सांगायचे, पहिल्या वर्षी बाकांच्या फटींतून गव्हातले किडे निघायचे. लिहिलंय. मु.अ. कापतील.

मागच्या भिंतीचं नाही लिहिलं. दहावीचा निरोप झाला की पोरं गेरूत हात बुडवून नळामागच्या भिंतीवर उठवतात. कधी सुरू झालं कोणाला ठाऊक. संजूचा पण आहे. बाकी सगळ्यांचे उजवे, ह्याचा डावा. डावखुरा ना. करंगळी क्रिकेटमध्ये मोडली होती, ती तशीच वाकडी उठलीय. पुढे कॉलेजात गेला, कावीळ झाली आणि गेला माझा मुलगा. यांनी त्याचे कपडे वाटून टाकले, फोटो कपाटात ठेवला. नावसुद्धा काढत नाहीत. मी रोज पहिल्या तासाआधी नळावर जाते, तोंडावर पाणी मारते आणि त्या हाताला हात लावते. स्टाफला वाटतं बाईंना उकडतं.

हे अर्जात कसं लिहायचं?

१५ जाने., बुध.
पालकसभा. सावंत उठले. संपात गिरणी सुटली, आता रंगकाम करतात. त्यांची सुनीता माझ्या दहावीच्या वर्गात आहे. म्हणाले, "पैसे नाय आमच्याकडे, पण हात आसत. रविवारी सगळे येतो." तडे बुजवायचे, चुना मारायचा. सव्वीस जानेवारीला शाळा नव्यासारखी दिसली पाहिजे.

मी म्हटलं, पुढची बाजू करा, तीच दिसते. कोणीतरी विचारलं, मागची का नको? उगाच खर्च, म्हटलं. खरं कारण सांगायला तोंड उघडलं असतं तर तिथेच रडले असते.

१९, रवि.
नणंदेकडे मुलुंडला हळदीकुंकू. टाळता आलं नाही. सगळा वेळ जीव शाळेत.

२०, सोम.
शाळा पांढरीशुभ्र. पोरं हात लावून बघतायत, हाताला चुना लागतोय, हसतायत.

मागे गेले.

सगळी भिंत कोरी.

सावंत मुद्दाम थांबले होते मला दाखवायला. डोळे लाल, चुना उडालेला. "चुनो उरललो, बाईनू. म्हटलंय, मागची भिंत कित्याक सोडूची." बरोबरची माणसं उन्हात राबलेली, कोणाच्या हाताला फोड. छान झालंय म्हटलं. सावंत खूश झाले.

तास घेतला नाही. डोकं दुखतंय सांगितलं.

२४, शुक्र.
नळावर जात नाही आता. यांना सांगायचं होतं, जेवताना. नाही सांगितलं. मला सावंतांचा राग येतोय आणि यायला नको. त्या माणसाने शाळेसाठी रविवार घातला. रागावू कोणावर मग? स्वतःवर. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

२९, बुध.
मधल्या सुट्टीत पोरी नळावर पाणी उडवत होत्या. ओरडायला गेले आणि बघितलं तर भिंत जिथे ओली झाली होती तिथे लाल दिसत होतं. बोटं. चुना ओला झाला की आरपार दिसतो. बघता बघता वाळलं आणि परत पांढरं.

शाळा सुटल्यावर तांब्या घेऊन गेले. हाताने पाणी मारत मारत शोधला. वाकडी करंगळी. आहे. आहे रे बाबा.

४ फेब्रु., मंगळ.
रोज तांब्याभर. आता कोण काय म्हणतंय याची फिकीर नाही.

सुनीताने विचारलं, "बाई, आम्ही कुठे उठवायचे हात?" मु.अ. म्हणालेत, तपासणी होईपर्यंत भिंतीला कोणी बोट लावायचं नाही.

रात्री यांना सांगितलं सगळं. गेली इतकी वर्षं मी नळावर कशाला जाते ते पण. हे ऐकत राहिले. मग उठून बाल्कनीत गेले.

६, गुरु.
हे आले. विक्रोळीहून पहिली पाळी संपवून तसेच, डबा हातात. शाळेत पाऊल ठेवलं नव्हतं, संजूच्या निकालानंतर.

पाणी मारलं. हात दिसला. यांनी आपला डावा हात त्यावर ठेवला, करंगळी पण वाकवली. "माझ्याएवढा झाला होता गं," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाळायला लागलं की, "अजून मार." तांब्या चारदा तरी भरला. आम्ही दोघंही रडलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

७, शुक्र.
मु.अ.नी बोलावलं. "बाई, मागच्या भिंतीला ओल कुठून येतेय? फुगलीय खाली. सोमवारी साहेब येतायत. ओल मुरतेय असं दिसलं तर आपली वाट लागली." नळ गळत असेल म्हणून प्लंबर बोलावलाय.

मी म्हटलं, बंद होईल ओल.

८, शनि.
पाणी मारलं नाही. लांबून बघितलं. खाली अजून काळपट आहे.

९, रवि.
इतिहासाची दोन पानं परत लिहिली. शेवटी एक ओळ घातली हातांच्या भिंतीची. संजूचं नाव नाही घातलं. साहेबांना त्यातलं काय कळणार, पण असू दे.

हे म्हणाले, "उद्या पाळी सुटली की येऊ?" उद्या नको म्हटलं. भिंत कोरडी दिसायला हवी.

"मग कधी?"

साहेब काय लिहितात त्यावर आहे, म्हटलं.

दुपारी हे पंखा लावून आडवे झाले. मला वाटलं झोप लागली. जरा वेळाने छताकडे बघतच विचारलं, "ऊन येतं ना गं त्या भिंतीवर? वाळली असेल ना?"

येतं, म्हटलं. वाळली असेल.