जुळलेला ताळा

महाड, १० मार्च २०२५

ती. दादांस, शर्मिलाचा सविनय जयभीम.

वाडीवर रेंज नाही, म्हणून किशोर कंडक्टरच्या हाती हे पत्र देते. डोंगराला भेग गेल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आता खाली सपाटीला घरं मिळणार आणि वाडीचे अर्ज तुम्ही भरणार, हे वाचून अभिमान वाटला.

आधारचा आकडा बारा अंकी, उतरवताना डोळा चुकतो. कॉलेजात शिकलेला नवाचा ताळा सांगते. कार्डावरच्या अंकांची बेरीज करा, एकच अंक उरेपर्यंत करत राहा. अर्जावरच्या आकड्याचंही तसंच. दोन्हीकडे एकच आला की आकडा बरोबर. गणितात लबाडी नसते, दादा.

शेजारची सुंदराकाकी एकटी आहे, तिचा अर्ज आधी भरा. लेकीवर माया आहेच, ती पत्रानेही कळू द्या.

तुमची शर्मिला

वाडी, २ मे

चि. शर्मिलास दादाचा जयभीम आणि आशीर्वाद.

एकतीस अर्जांचे ताळे काढले. सुंदराबाय हसायची, म्हणायची रामा पोरीच्या नादानं मास्तर झाला, आता माझ्या शेळीचाबी ताळा काढ.

यादीत तीस नावं हायत. तिचं नाय. आकडा चुकला, मशीन घेत नाय म्हणतात. मी घरी चारदा ताळा काढला. कार्डाचा सात, अर्जाचाबी सात. दोन्हींची नक्कल धाडतो, तूच बघ. माया हाय तशी ठेव.

दादा

महाड, १४ मे

ती. दादांस सविनय जयभीम.

चूक माझी आहे. कार्डावर मध्ये ७२ आहे, अर्जावर २७ झालं. अंक तेच, म्हणून बेरीज तीच. अंकांनी जागा बदलल्या तर नवाच्या ताळ्याला कळतच नाही. हाच प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी बरोबर लिहिलं होतं. तुम्हाला लिहिताना आठवलं नाही.

आधारचा शेवटचा अंक अशी अदलाबदल पकडतो, पण कुठे चुकलं ते सांगत नाही. कचेरीत तीनदा गेले. कागदावर ७२ आणि २७ लिहून समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागद परत दिला. मुदत संपली, पुढची यादी कधी ते त्यांनाही ठाऊक नाही.

काकीला तुमच्यासोबत खाली आणा. रागावला असलात तरी पत्र लिहा.

शर्मिला

नवी वसाहत, १ जून

चि. शर्मिलास आशीर्वाद.

आम्ही खाली आलो. सुंदराबायचा हात धरला, तरी येत नाय. म्हणते, आज रामाकडं राहिले तर उद्या लिहितील हिला घराची गरजच नाय. वर आता तिची एकच चूल पेटते, खालून धूर दिसतो. मी भाकरी घेऊन जातो.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं कार्ड नि अर्ज शेजारी ठेवले, एकेका आकड्यावर बोट ठेवून लावून बघितले. मग मला विचारलं, की सगळे माझेच हायत, एकबी परका नाय, मग मी नाय असं कोण म्हणतंय.

तिला काय सांगू ते लिही. तुझ्या अक्षराची वाट बघणारा,

दादा