चिकाचं दूध

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा दवाखान्यात बसल्या बसल्या मी तुझ्यावर जळले. नातसून बाळंत झाली. पोरगं पुसून आणलं आणि नर्सबाईनं सरळ तिच्या छातीशी लावलं. मी म्हटलं, अहो बाई, तीन दिवस चीक काढून टाकायचा असतो, मग पाजायचं. ती हसली. "आजी, तोच तर पाजायचा असतो. पहिल्या दुधासारखं दुसरं औषध नाही." नातसूनही हसली. मी तोंडाला पदर लावला. पोरगं डोळे मिटून ओढत होतं आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की हे शहाणपण निजामाच्या मोगलाईत आपल्या सोनपेठच्या घरी कुणी सांगितलं असतं, तर माझ्या लेकराचा पहिला घोट माझा झाला असता. तुझा नसता झाला. मग घरी आले आणि वहीचे कागद फाडून लिहायला बसले.

तुला वाचता येत नव्हतं. शाळेत उर्दू, तीही पोरांना, म्हणून आबांनी मला घरीच पाटीवर बाराखडी गिरवायला लावली, आणि तू चुलीपुढून म्हणायचीस, "शिकून काय पटवारी व्हायचंय का तिला?" तेव्हा हे तुला वाचून कोण दाखवणार, हा प्रश्न आहेच. असू दे. मला बोलायचं आहे, तू ऐकायलाच हवंस असं काही नाही.

सातव्या महिन्यात मी पोखर्णीहून माहेरी आले. बैलगाडीत कडबा, त्यावर दोन गोधड्या, वर सासूबाईंनी बांधून दिलेली शिदोरी. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याचा केवढा मान! सोळा-सतराची होते मी. वाटभर ठरवत आले होते, की आता तीन-चार महिने माय आपली एकटीची. डोक्याला तेल घालेल, मागू ते करून घालेल, रात्री पाय चेपेल. गाडी दारात थांबली, तू भाकरतुकडा ओवाळून टाकायला बाहेर आलीस, आणि मी बघतच राहिले. तुझं पोट माझ्यापेक्षा मोठं! तू पदर पुढं ओढून घेतलास. "कामून बघायलीस तशी? देवानं दिलं," म्हणालीस. आबांची विधवा बहीण, आपल्या घरची आत्या, मागून फिसकन हसली. "मायलेकी एकाच जत्रंला निघाल्या बगा!"

तुम्हाला हसू येत होतं, मला रडू. डोहाळे मला लागलेले आणि चिंचेचं बुटुक तुझ्या हातात. बायका माझी ओटी भरायला आल्या आणि जाताना तुझीही भरून गेल्या. मला पाण्याचा वास सोसत नव्हता आणि तू तसल्या पोटानं आडाचं पाणी शेंदत होतीस, वरून मला सांगत होतीस, "हालचाल ठेव बाई, बसून ऱ्हाऊ नगंस." माझे लाड करायला तुला हात मोकळे नव्हते, आणि कुणी माझे करायला लागलं की अर्धे तुझ्याकडं जात. मी अंगणात बसून तुझ्या पोटातल्या त्या जिवाला शिव्या घालायचे. मनातल्या मनात, पण घालायचे.

तू चैत्रात बाळंत झालीस. झालीस म्हणजे काय, दुपारी भाकऱ्या थापता थापता उठलीस, खोलीत गेलीस, आणि सुईण गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत पोरीचं रडणं ऐकू आलं. आत्या म्हणाली, "वैनीचं बाळंतपण म्हंजी डोक्यावरची घागर उतरवणं." मला त्या सोपेपणाचाही हेवा वाटला. पण आठव्या दिवशी त्या पोरीनं दूध ओढायचं सोडलं, अंग ताठ झालं, आणि दिवेलागणीच्या आत आबा तिला फडक्यात गुंडाळून गोदागंगेच्या वाटेला लागले. तू रडली नाहीस. भिंतीकडं तोंड करून पडलीस. मी पाणी घेऊन आले, हाक मारली, तरी वळली नाहीस. खरं सांगते, मला त्या पोरीचं वाईट वाटण्याआधी तिचा मत्सर वाटला. आठ दिवसांच्या जिवानं तुला अख्खी नेली, आणि माझ्या वाट्याला तुझी पाठ आली.

त्यानंतर पंधरवड्यानं माझी वेळ आली. उजाडताना कंबर भरून आली, मला वाटलं पोट बिघडलं. मग कळा सुरू झाल्या आणि पोट बिघडणं किती सुखाचं असतं ते कळलं. एक कळ सरली की वाटे, झालं, ही शेवटची, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी तिच्या दुप्पट. आढ्याला दोर बांधून माझ्या हातात दिला. आत्यानं पेट्यांची कुलपं काढली, कणग्यांची झाकणं उघडली, माझी वेणी सोडली. घरातलं सगळं मोकळं केलं की बाईही मोकळी होते म्हणे. मी काही मोकळी होईना. तो दिवस सरला, दुसरा उजाडला, सुईण तेल चोळून चोळून थकली आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत बसली. आणि तू कुठं होतीस? उंबऱ्याबाहेर. आत्यानं तुला बजावलं होतं, "वैनी, तुझी कूस आत्ताच रिकामी झालीया. पहिलटकरणीपाशी येऊ नगंस." तू ऐकलंस! मला दोराचा, कळांचा, कशाचा नाही इतका राग त्या ऐकण्याचा आला. दुपार कलल्यावर माझ्या हातातून दोर सुटला आणि मी ओरडले, "माय, मी मरायले गं, तू ये."

तू उठलीस. आत्या दारात आडवी झाली. तू काही मोठ्यानं बोलली नाहीस. "मेलेलं लेकरू माझं होतं, वन्सं. ही जिती बी माझीच हाय. सरका."

तू माझ्या मागं येऊन बसतेस. दोन्ही बाजूंनी तुझे पाय, काखेतून तुझे हात, माझी पाठ तुझ्या छातीला टेकलेली. "दात खाऊ नगंस. दम खाली सोड. माझं बोट धर, मोडलं तर मोडू दे." मी म्हणते, "न्हाई, व्हईना माय." तू कानाशी म्हणतेस, "व्हतंय. तुझ्या येळंला मला बी असंच वाटलं होतं. लय तरास दिलास तू मला." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला कधी जड गेलं असेल, आणि तेही माझ्या पायी, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढा वेळ, त्या दोन-चार कळांपुरती, तू माझी एकटीची होतीस. मग आत काहीतरी फाटलं, आग झाली, आणि अंग एकदम हलकं झालं. सुईण म्हणाली, "पोरगा."

तो रडला, आणि माझी पाठ भिजली. ऊन ऊन. मला वाटलं घाम. मान वळवून पाहिलं तर तुझी चोळी चिंब, पोटावरून ओघळ चाललेले. माझ्या लेकरानं पहिली हाक मारली आणि तिला ओ दिली तुझ्या अंगानं. माझं अंग नुसतंच थरथरत होतं, कोरडं ठाक. तू लाजून पदर घट्ट लपेटलास, पण मी पाहायचं ते पाहिलं होतं.

पुढचे तीन दिवस मी बाजेवर, बाजेखाली शेगडी, बाहेर वैशाखाचं ऊन. आत्या माझा पिवळा चीक पिळून मातीत घालायची. "लय जड असतंय ते, लेकराला बाधंल." त्याला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी देऊन पाहिलं, त्यानं थुंकून टाकलं. मग तू हात पुढं केलेस. मला कुणी विचारलंही नाही. मी पडल्या पडल्या बघत होते. त्याची एवढीशी मूठ तुझ्या छातीवर, तुझी मान खाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुझं तोंड सैल झालेलं. सगळे म्हणाले, देवच पावला, लेकराला दूध आणि दुधाला लेकरू मिळालं. मला वाटलं, कळा मी दिल्या, फाटले मी, आणि ही बघा आयत्या बिळावर नागोबा! सख्ख्या आईबद्दल असं वाटलं मला. वाटलं ते वाटलं.

चौथ्या दिवशी मला दूध आलं. छातीचे दगड झाले, ताप चढला. त्याला जवळ घेतलं तर मान फिरवून किंचाळायला लागला. दुधाची तहान त्याला ताकावर भागवायला लावतोय असं तोंड करायचा. बाहेर तुझ्या बांगड्या वाजल्या की गप्प व्हायचा, कान द्यायचा. तू यायचीस, त्याला उचलून घ्यायचीस. पाचवीला सटवाईपुढं हात जोडले तेव्हा सगळ्या त्याला आयुष्य मागत होत्या. मी मागितलं, ह्याला माझं दूध गोड लागू दे.

दुसऱ्या दिवशी आत्या धुणं घेऊन गेली आणि मी दाराला आतून कडी घातली. तो भुकेनं रडायला लागला तशी तू दारात आलीस.

"कडी काढ."

"न्हाई."

"लेकरू रडायलंय, बाई."

"रडू दे. माझं हाय."

मला वाटलं आता दार बडवशील, आबांना बोलावशील, शिव्या देशील. मग दाराच्या फटीतून तुझा आवाज आला, अगदी साधा, भाजीला मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. "आधी थोडं पिळून काढ, कडक झालं असंल. त्याच्या ओठाला लाव. डोस्कं वर धर. नाक दाबू नगंस." मी रडत रडत तसंच केलं. एकदा सुटला, दोनदा सुटला. "घाई करू नगंस, त्येला बी तू नवीच हायीस." तिसऱ्यांदा त्यानं पकडलं आणि माझ्या पोटात कळ उठली, गोड की कडू ते सांगता येत नाही. रडणं थांबलं. "लागला का?" तू विचारलंस. मला तुझ्याशी बोलायचंच नव्हतं, कारण हेही तुलाच येत होतं. "लागला," तू आपलीच म्हणालीस आणि गेलीस.

मग दोन-तीन दिवस तू खोलीत आलीस की मोगऱ्याचा वास यायचा. पोर जाऊन महिना झाला नाही आणि हिला फुलं सुचतात, म्हणून माझं डोकं फिरलं. केसात तर काही दिसेना. मी आत्याला खोचून विचारलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर खाली घातली. "चोळीत बांधलीत तिनं. दूध आटवायला. शेजारणीच्या वेलीवर कळी म्हणून ठेवली न्हाई." त्या मेलेल्या पोरीचं म्हणून तुझ्यापाशी तेवढंच उरलं होतं, आणि तू ते माझ्यासाठी आटवून टाकलंस. तुझ्या गळ्यात पडावं एवढी अक्कल मला यायला हवी होती. मला आलं ते समाधान. आता तो माझ्याशिवाय कुणाकडं जाईल, असं वाटून मी त्या दुपारी गाढ झोपले.

गेला, तो तुझ्याकडंच गेला. सोनपेठचा रस्ता लागला की गाडीतून उडी मारून पुढं पळायचा. मोठा झाला, नांदेडला नोकरीला लागला, तरी आधी तुझं दर्शन, मग माझं. तू शेवटची आजारी होतीस तेव्हा मी आठ दिवस उशाशी होते, डोळे उघडले नाहीस. तो आला, त्यानं मान उचलून चमच्यानं पाणी पाजलं, आणि तू डोळे उघडलेस. त्याच्याकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. तो भांडं ठेवायला आत गेला तेव्हा तू म्हणालीस, "म्या त्येला सांगितलं न्हाई." एवढंच. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं माझा हेवा तू पदराखाली सांभाळलास.

आता आत्या नाही, सुईण नाही, तू नाही. जाणणारी मी एकटी. तो सत्तरीच्या पुढं गेलाय, रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसतो, आणि कधी कधी म्हणतो, "आई, आजीचा मला एवढा लळा कसा काय गं होता?" मी म्हणते, नातवंडांना असतोच. परवा दवाखान्यातून आल्यावर वाटलं, पहिलं दूध तुला आजीनं पाजलं, हे सांगून टाकावं. शब्द दातापर्यंत आले आणि मी त्याला पानाचा डबा आणायला पाठवलं.

हे कागद घरात ठेवले तर त्याच्या हाती लागतील, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. कळलं तर तो रडेल, माय, आणि तुझ्यासाठी रडेल. ते मला आजही बघवणार नाही.